चैतालीचं मॉस आणि बरणीतला सॅलॅमँडर

चैताली माझी पाठची बहीण. सख्खी. सहा वर्षांनी लहान. तिला पहिल्या दिवशी हाताला धरून शाळेत नेणारा मी, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तिचं नाव झालं की असं सांगायला दहा जण उभे राहतील. कर्वेनगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती परिचर आहे. परिचर म्हणजे काचा विसळणारी बाई, असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं. मी नववीपर्यंत शिकलो, पण तिच्यावर लिहायचं तर ते मीच लिहिणार, दुसऱ्या कुणाला लिहू देणार नाही. तिनं एकच अट घातली. म्हणाली, “लिही दादा, पण सारखं मी-मी करू नको.” म्हणून इथून पुढं मी म्हणजे इंद्रजीत. त्यानं जे बरं केलं ते, आणि जी घाण करून ठेवली ती, दोन्ही इंद्रजीतच्याच नावावर.

तर या बहीणभावाचं गाव कात्रजच्या अंगाला. गाव म्हणायची आपली सवय. आता तिथं सोसायट्या आहेत, गेटवर वॉचमन आहेत आणि पूर्वी ज्या नावानं शेतं ओळखायचे ती नावं इमारतींवर लागलीत. पण गावठाणाच्या मागची टेकडी अजून जागच्या जागी आहे, आणि टेकडीच्या पायाशी झरा. झऱ्याच्या तोंडाला गुडघ्याएवढे सात दगड ओळीनं उभे. त्या साती आसरा, पाण्याच्या देवी. दसरा झाला की कोजागरीच्या आत त्यांना आंघोळ घालायची, आणि तो मान यांच्या घराचा. थोरल्या मुलानं नारळाच्या शेंडीनं दगडांची तोंडं घासायची, झऱ्याचंच पाणी ओतायचं, शेंदूर लावायचा. पाणी, हळदकुंकू आणि शेंदूर, याखेरीज आसरांच्या अंगाला काही लागता कामा नये, ही त्यांच्या आईची, बायडाबाईची, ताकीद.

यातल्या तिसऱ्या आसरेच्या पाठीमागं, जिथं ऊन कधी पोचत नाही, तिथं चैतालीचं मॉस.

मॉस म्हणजे काय ते इंद्रजीतच्या डोक्यात चौदा वर्षांत शिरलं नव्हतं. हिरवं आणि ओलं ते सगळं शेवाळ, आणि शेवाळ काढणं हा तर त्याचा धंदा. सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या धुतो तो. कर्वेनगरपासून विश्रांतवाडीपर्यंत ज्या टाकीत इंद्रजीत उतरला त्या टाकीत वर्षभर हिरवा डाग दिसत नाही, हे कुठल्याही सेक्रेटरीला विचारा. स्वतःचं प्रेशर मशीन आहे, स्वतःचा टेम्पो आहे. चैताली सांगायची, शेवाळ वेगळं, मॉस वेगळं. मॉसला बारीक पानं असतात, देठ असतो. मुळं मात्र नसतात, आणि अंगातून पाणी फिरवायला नळ्याही नसतात. इंद्रजीत हो हो म्हणायचा आणि भाकरी मोडायचा.

ती नोकरीला लागली त्या वर्षी सुरुची मॅडमनी, म्हणजे तिच्या विभागाच्या प्राध्यापिकेनं, पोरांना आपापल्या भागातलं मॉस आणायला सांगितलं होतं. पोरांनी आणलं. काचा पुसता पुसता चैतालीनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी उदबत्तीच्या रिकाम्या खोक्यात आसरांच्या मागचा एक चिमटा घेऊन गेली. दिसायला काहीच नाही. रंगसुद्धा धड हिरवा नव्हे, वाळत आलेल्या कढीपत्त्याचा असतो तसला. सुरुची मॅडमनी तो भिंगाखाली धरला, आणि चहा गार होऊन वर साय धरली तरी मान वर केली नाही. मग तो चिमटा कुठं कुठं गेला. चार महिन्यांनी उत्तर आलं की हे मॉस याआधी फक्त तीन जागी मिळालं होतं. दोन जागा बांधकामात गेल्या आणि तिसरीवर आता ते कुणाला सापडत नाही.

म्हणजे राहिलं ते इथंच. तिसऱ्या आसरेच्या पाठीशी.

चैतालीनं त्या रविवारी हातातली एक बांगडी उतरवून मॉसवर ठेवली. मॉस बांगडीच्या आत मावत होतं. तीच बांगडी तिनं वहीत ठेवून पेन्सिल फिरवली आणि गोलाच्या आत मॉस कुठवर आलंय ते रेखाटून तारीख घातली. तेव्हापासून दर रविवारी एक गोल. लग्न झालं, दोन गल्ल्या सोडून सासर मिळालं, लेक झाली, सासऱ्यांचं आजारपण काढलं, पण रविवारचा गोल चुकला नाही. चौदा वर्षांत त्या एका बांगडीच्या दोन बांगड्या झाल्या. एवढंच वाढलं. पण तिच्या वहीची पानं चाळली तर माणसाचं पोर वाढताना दिसावं तसं ते दिसतं.

आणि इंद्रजीत ज्या टाकीवर जाईल तिथं सांगायचा, “माझी बहीण दुनियेत कुठं नाही असलं मॉस सांभाळते.” अभिमान खरा होता. पण चौदा वर्षांत तिसऱ्या आसरेच्या मागं वाकून त्यानं एकदाही बघितलं नव्हतं.

यंदा गणपती उठले आणि आठवड्याभरात झऱ्यापाशी चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ पडली. वरचा रस्ता रुंद व्हायचा होता, टेकडीची माती ढासळू नये म्हणून भिंत घालायची होती, आणि भिंतीचा पाया रेघेवर. रेघ बरोबर तिसऱ्या आसरेवरून गेलेली. गावातल्या कुणाची हरकत नव्हती, कारण आसरांना पलीकडं नवा चौथरा मिळणार होता, वर फरशी, वर पत्रा. दगड उचलून मांडता येतात. मॉसला ती सावली, ती ओल आणि तो पाझर लागतो, हे फक्त चैतालीला आणि मॅडमना ठाऊक.

मॅडमनी अर्जावर अर्ज केले. शेवटी निरोप आला की दसऱ्यानंतरच्या गुरुवारी अकरा वाजता तीन जणांची समिती जागेवर येईल. वस्तू डोळ्यांना दिसली तर रेघ सरकवायचा विचार होईल. नाही दिसली तर सोमवारी जेसीबी. समितीचे मुख्य चांदगुडे म्हणून इंजिनिअर होते, जे दिसेल तेवढंच लिहिणारा माणूस अशी त्यांची ख्याती.

मॅडम चैतालीला म्हणाल्या, “मी बोलले तर त्यांना वाटेल, बाईंचा विषयच आहे हा, बोलणारच. तू बोल. पाच मिनिटं. चौदा वर्षं तू बघितलंयस.”

तिथून चैतालीची झोप गेली. धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धुवायला लागली. बसमधून एक थांबा आधीच उतरायची आणि ओठ हलवत चालायची. भाजीत मीठ दोनदा पडलं, मग एक दिवस पडलंच नाही. रविवारची वाट न बघता सकाळ-संध्याकाळ झऱ्यावर चकरा. बांगडी ठेवायची, बघायची, पुन्हा पिशवीत टाकायची, दहा पावलं जाऊन परत यायची. काय बोलायचं तेच सापडेना. लॅटिन नाव ती एका दमात म्हणते, पण ते ऐकून कोण रेघ सरकवणार?

तिच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात बद्रीनाथ म्हणून परिचर आहे, मूळचा वाशीमचा. त्याच्याकडं खिडकीशी एका बरणीत सॅलॅमँडर आहे. कुणा जुन्या सरांनी दार्जिलिंगहून आणलेला. पालीसारखा लांबट, बेडकासारखा ओलसर, अंगावर दोन्ही बाजूंनी गाठींची रांग, आणि इतकी वर्षं औषधात राहून उकडलेल्या वांग्यासारखा फिका पडलेला. चैतालीनं आधीही पाहिला होता, पण त्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की आत येणारं प्रत्येक पोर त्याच्यापाशी थांबतं. काचेला नाक लावतं. हा जगात कमी होत चाललाय, असं बद्रीनाथनं सांगितलं की पोरं अरेरे म्हणतात. तिच्या विभागाच्या भिंतीवरही मॉसचा फोटो आहे, त्याखालीही तेच लिहिलंय, आणि त्याच्यावर लोक छत्र्या अडकवतात.

ती बद्रीनाथला हे म्हणाली. तो हसला.

“ताई, तुमच्या मॉसले ना डोये, ना शेपूट. लोकं त्याले पाहतीन काय? माह्या याले पाहा, मेला तरी टुकूटुकू पाहून राहिला.”

तिला राग आला, पण पायऱ्या उतरता उतरता ती थबकली. मग परत वर गेली आणि त्याच्याकडनं सॅलॅमँडरची सगळी माहिती विचारून घेतली. तो कुठं राहतो, श्वास कसा घेतो, अंडी कुठं घालतो. वहीत गोलांच्या मागच्या बाजूला लिहून काढलं. एका अंगाला सॅलॅमँडर, दुसऱ्या अंगाला मॉस. लिहिता लिहिता पान भरलं. बद्रीनाथनं चेष्टा पुरेपूर केली, पण बुधवारी बरणी स्वतः कापडात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवली आणि झाकण घट्ट लावल्याचं तीनदा बघितलं.

बुधवारी संध्याकाळी ती माहेरी आली, ऐकायला कुणीतरी हवं म्हणून. बायडाबाईनं बरणी पाहिली मात्र, “ते मेलेलं जनावर माझ्या चुलीपास्नं लांब ठिव” म्हणून पदर तोंडाला लावला. इंद्रजीत जेवायला बसलेला. चैताली टीव्हीपुढं उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली आणि सुरू झाली.

“साहेब, हा सॅलॅमँडर दार्जिलिंगचा आणि मॉस आमच्या झऱ्यावरचं. एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दुखणं एकच. दोघांच्या अंगावर जाड कातडं नाही. हा छातीनं श्वास घेतो तसा ओल्या कातड्यानंही घेतो. मॉस मुळानं पाणी पीत नाही, आख्ख्या अंगानं पितं. म्हणून पाण्यात जे येईल ते सरळ आत. साबण आला, साबण आत. पावडर आली, पावडर आत.”

इंद्रजीतचा घास जागीच राहिला. टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडर हा त्याचा प्रांत.

“याला पिल्लं व्हायची तर डबकं लागतं. पावसाळ्यात हा डबक्यावर येतो आणि तिथंच अंडी घालतो. डबकं बुजवलं की कुठं जाणार? मॉसलाही नवा जीव धरायचा तर पाणी लागतं, नराचा अंश पाण्यातून पोहत मादीपर्यंत जातो. डबकं नको त्याला, दगडावरचा ओला पापुद्रा पुरतो. पण तो हवाच. याचा पाय तुटला तर नवा पाय फुटतो. मॉसचं त्याच्यापुढचं आहे, मॉसचा नखाएवढा तुकडा पडला तरी त्यातून आख्खं मॉस उभं राहतं. उन्हाळ्यात याला ओल मिळाली नाही तर हा मरतो. मॉस वाळून कोळसा होतं आणि पाणी लागलं की पुन्हा डोळे उघडतं.” इथं ती थांबली. “डोळे उघडतं नको म्हणायला. डोळे फक्त याला आहेत. म्हणून याला बघून माणसाला वाटतं, याला दुखत असेल. मॉसला बघून कुणाला काही वाटत नाही. साहेब, तेवढं तुम्ही वाटून घ्या, एवढंच मागणं आहे.”

बायडाबाईनं पदर खाली घेतला होता. इंद्रजीतनं विचारलं, तुकड्यातून परत येतं हे खरं का? चैताली म्हणाली, खरं. मग त्यानं विचारलं, “उद्या मी काय करायचं?”

“काही नाही. तू नुसता उभा राहा.”

नेमकं तेवढंच इंद्रजीतला जन्मात कधी जमलेलं नाही.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या डोक्यात एकच. तीन साहेब लोक आपल्या आसरांपाशी येणार, आपली बहीण बोलणार, आणि तिथली अवस्था काय? पायऱ्या निसरड्या, दगडांवर गेल्या वर्षीचा शेंदूर काळा पडलेला. आंघोळीचा मान आपला आणि कोजागरीला तीनच दिवस राहिलेले. पाहुणे आपल्या देवाला पारोसं बघणार काय? उजाडायच्या आधी तो उठला, टेम्पोवर मशीन चढवलं आणि झऱ्यावर गेला.

मॉसला धक्का लावायचा नाही, हे त्याच्या पक्कं ध्यानात होतं. झऱ्याच्या वर कातळावर हाताएवढ्या जाडीचा हिरवागार गालिचा आहे, बघितलं की हात फिरवावासा वाटतो असा. चैतू आसरांच्या मागं म्हणते ते एवढ्या कौतुकाचं मॉस हेच असणार. त्यानं एक पोतं झऱ्यात भिजवून पिळलं आणि त्या गालिच्यावर अलगद अंथरलं, तुषारसुद्धा उडू नयेत म्हणून. मग पायऱ्या धुतल्या. मग आसरा. पावडरीचा डबा टेम्पोत होता, पण आईची ताकीद, त्याला हात लावला नाही. झऱ्याचंच पाणी मशीनला जोडलं. शेंडीनं दगडांची नुसती तोंडं निघायची, या मशीननं पाठ, कडा, बुडखे, सगळं निघालं. सात दगड खाणीतून आत्ता काढल्यासारखे काळेभोर. मग शेंदूर, मग झेंडूचं तोरण. सूर्य वर आला तेव्हा तो कमरेवर हात ठेवून बघत होता आणि त्याला वाटत होतं, चैतू बघेल तेव्हा काय म्हणेल.

अकराला दहा मिनिटं असताना चैताली मॅडमबरोबर आली, पिशवीत बरणी आणि भिंग. वरूनच तिला आधी झेंडू दिसला. मग शेंदूर. मग पायऱ्यांची धुतलेली कड. तिची चप्पल एका पायरीवर राहिली, तिला कळलं नाही. ती ओळीच्या मागं गेली, तिसऱ्या आसरेपाशी खाली बसली, पिशवीतून बांगडी काढली आणि दगडाला टेकवली.

बांगडीच्या आत नुसता काळा दगड.

इंद्रजीत मागं येऊन उभा राहिला. कातळावरच्या ओल्या पोत्याकडं बोट करून म्हणाला, “ते बघ, झाकून ठेवलंय. एक थेंब उडू दिला नाही.”

चैतालीनं वर बघितलं.  त्यानं बांगडी बघितली, तिचा हात बघितला, आणि त्याला कळलं, मॉस वर नव्हतं, इथं होतं.

वर गाडीची दारं वाजली. तिघं जण पायऱ्या उतरायला लागले. इंद्रजीत खाली वाकला, तिच्या कानाशी म्हणाला, “चैतू, ते वरचं दाखव. हिरवंगार हाय. त्यांना काय फरक कळतोय?”

मॅडमनी ते ऐकलं. त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं, नको असंही म्हणाल्या नाहीत. चैतालीनं नंतर सांगितलं की त्या घडीला तिच्या जिभेवर हो आलं होतं. बोट नुसतं वर करायचं होतं. पण वहीतले चौदा वर्षांचे गोल तिला दिसले, आणि उद्यापासून त्या गोलात कातळावरचं साधं मॉस काढायचं, हे तिला जमेना.

चांदगुडे साहेबांनी नमस्कार केला, जागा छान ठेवलीय म्हणाले, आणि विचारलं, “कुठंय?”

“साहेब, काल संध्याकाळी साडेपाचपर्यंत इथं होतं,” चैताली म्हणाली. “आज सकाळी माझ्या भावानं आसरांना आंघोळ घातली. त्यात गेलं.”

“म्हणजे आत्ता नाही.”

“आत्ता दिसत नाही.”

तरी तिनं बरणी काढली. पायरीवर ठेवली तसा आतला सॅलॅमँडर हलला. आधी ठरवलेलं सगळं ती बोलली, कातड्याचं, पाण्याचं, पायाचं. एक वाक्य त्यात नवीन आलं.

“हा असता तर मशीनचा आवाज ऐकून दगडाखाली शिरला असता. मॉसला पळता आलं नाही.”

समितीतला एक जण बरणीशी वाकून, हा चावतो का, असं विचारत होता. चांदगुडे साहेब मात्र ऐकत होते. शेवटी त्यांनी पेन खिशाला लावलं. म्हणाले, ताई, मला जे दिसतं तेच लिहावं लागतं, अहवाल उद्या दहाला जाईल. इंद्रजीतकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

ते गेले. मॅडमना तासाला जायचं होतं. जाताना त्यांनी चैतालीच्या खांद्यावर हात ठेवला. चैताली पायरीवर बसून पदरानं बरणी पुसत राहिली. एकदा पुसली, पुन्हा पुसली. इंद्रजीत लांब उभा. बोलायचं तर तोंड नाही, आणि गप्प उभं राहायचं त्याला जमत नाही. तो झऱ्याकडं गेला, टेम्पोकडं गेला, परत आला. आणि मधेच थांबला.

नखाएवढा तुकडा पडला तरी.

धुतलेलं जातं कुठं, हे पुण्यात इंद्रजीतइतकं कुणाला माहीत असेल तर दाखवावं. वीस वर्षं टाक्यांत उतरतोय तो. पाण्यानं निघालेलं काही नाहीसं होत नाही, जिथं पाण्याचा जोर मोडतो तिथं जाऊन बसतं. त्यानं बूट काढले, पँट दुमडली आणि आपल्याच मशीनचं पाणी ज्या वाटेनं वाहिलं होतं त्या वाटेनं खाली निघाला. पहिल्या वळणावर नुसती वाळू. दुसऱ्या वळणाला उंबराचं मूळ आडवं आलेलं, त्याच्या मागं दोन बोटं मऊ गाळ. शेंदराचे तांबडे कण त्यात चमकत होते.

“चैतू,” त्यानं हाक मारली. “भिंग घेऊन ये.”

चैतालीनं घरून परात आणली, बायडाबाईही तिच्या मागं आली. ओंजळीओंजळीनं गाळ परातीत, वर झऱ्याचं पाणी. झेंडूच्या पाकळ्या, वाळू, पालापाचोळा, आणि पायऱ्यांवरच्या साध्या मॉसचे ढीगभर तुकडे. इंद्रजीत एकेक बोटाच्या टोकावर घेऊन दाखवायचा. हे? नाही. हे? नाही दादा, साधं. हे? ते तर पान आहे. दुपार अशीच गेली. चैताली मधेच उठायची, चार पावलं फिरायची, पुन्हा बसायची. जन्मभर तांदूळ निवडलेल्या बायडाबाईची नजर शेवटी कामाला आली.

“हे काय गं, कढीपत्त्याच्या रंगाचं?”

चैतालीनं भिंग लावलं.  तेच होतं.

पाच वाजेपर्यंत अकरा तुकडे मिळाले. चैतालीनं ते तिसऱ्या आसरेच्या पाठीशी, दगडाच्या चिरेत, तिथल्याच गाळात एकेक करून टेकवले. मग चांदगुडे साहेबांना फोन लावला. म्हणाली, दहाच्या आत एकदा याल का. ते म्हणाले, सांगता येत नाही. बास, एवढंच. रात्री तिनं पाच वेळा फोन उचलून बघितला, वाजला नसताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला चांदगुडे साहेब एकटेच स्कूटरवर आले, हेल्मेट हातात. चैताली आणि इंद्रजीत आधीपासून तिथं होते. साहेब धुतलेल्या पायरीवर गुडघा टेकून बसले आणि भिंगातून बराच वेळ बघत राहिले.

“हे तुम्ही लावलंय,” ते म्हणाले.

“परत ठेवलंय. इथलंच आहे.”

“जगेल?”

हो म्हणायला काही लागत नव्हतं. चैताली म्हणाली, “माहीत नाही साहेब. कळायला सहा महिने जातील.”

साहेबांनी गुडघ्याची माती झटकली. कातळाकडं बघत म्हणाले, “काल ते वरचं दाखवलं असतंत तर मी लिहून मोकळा झालो असतो. मला फरक कळत नाही.” मग म्हणाले, “दिसलं तेवढं अहवालात लिहितो. सहा महिने. पुढचं तेव्हा बघू.” कंत्राटदाराच्या छपरीतून त्यांनी फक्कीचं पोतं स्वतः ओढत आणलं आणि आसरांपासून नऊ पावलं वर नवी रेघ टाकायला सुरुवात केली.

तोवर चैतालीनं भिंग इंद्रजीतच्या हातात दिलं. तो वाकला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. आधी नुसतं धुरकट दिसलं, मग हात स्थिर झाला आणि एवढ्याशा तुकड्यात पानंच पानं, प्रत्येकावर पाण्याचा थेंब. 

साहेब गेले. नवी रेघ वर झाली होती, पण जुनी अजून तिसऱ्या आसरेवरून तशीच पांढरी. इंद्रजीतला ती बघवेना. तो उठला आणि टेम्पोकडं वळला.

“मशीन नको दादा,” चैताली म्हणाली. “झाडू आण.”

इंद्रजीतनं झाडू आणला.